बार म्लेच्नी : पोलंडमधलं स्वस्त जेवण आणि वरून ओतलेली पळी

वडाभात पानात पडला म्हणून विदर्भातला माणूस लगेच घास घेत नाही. कढत फोडणीचं तेल वरून येईपर्यंत तो थांबतो. पोलंडच्या बार म्लेच्नीत, शब्दशः ‘दुधाच्या बारा’त, हाच प्रकार आहे. प्येरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यातून प्लेटमध्ये येतात आणि प्लेट खिडकीतून बाहेर सरकवण्याआधी आतली बाई त्यांच्यावर एक पळी ओतते. या वरून घालायच्या प्रकाराला ओक्रासा म्हणतात. त्या पळीत लोणी असेल, परतलेला कांदा असेल किंवा डुकराच्या चरबीचे तळून कुरकुरीत केलेले तुकडे असतील. नागपूरहून वॉर्सा, वुच, व्रोत्सवाफला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांनी या खानावळीबद्दल दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हा एक शब्द मात्र पाठ करावा.

आधी नावाचा घोळ मिटवू. इथे दारू मिळत नाही. ‘बार’ म्हणजे काउंटर. ‘दुधाचा’ अशासाठी, की इथला मूळ स्वयंपाक दूध, आंबवलेलं दूध, अंडी, मैदा, बटाटा आणि भाज्या यांचा. अशी पहिली जागा १८९६ साली वॉर्सातल्या नोवी श्व्यात रस्त्यावर स्तानिस्वाफ द्वुझेव्स्की नावाच्या जमीनदाराने काढली. साम्यवादी राजवटीत त्या गावोगावी झाल्या. १९८१ ते १९८९ या काळात तिकडे मांस रेशनवर होतं, तेव्हा मांसाशिवाय लोकांचं पोट भरणारी ही व्यवस्था भलतीच उपयोगी पडली. १९८९ नंतर बाजार खुला झाला, हॅम्बर्गर आणि पिझ्झा आले, शहरातल्या मोक्याच्या गाळ्यांची भाडी चढली आणि बहुतेक दूधबार बंद पडले. जे उरले ते मुख्यतः सरकारी अनुदानावर तगून आहेत.

हे अनुदान कसं चालतं ते महाराष्ट्रातल्या वाचकाला पटकन समजेल, कारण आपल्याकडे हा प्रयोग दोनदा झाला आहे. १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर अनेकांना आठवत असेल, आणि त्या केंद्रांच्या जागी पुढे काय काय विकलं जाऊ लागलं तेही. दुसरा प्रयोग २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा. तिथे ताट ठरलेलं : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गिऱ्हाईक १० रुपये देणार आणि शहरी भागात प्रत्येक थाळीमागे सरकार ४० रुपये देणार, असा सुरुवातीचा हिशोब. म्हणजे पैसा थाळ्या मोजून मिळतो. पोलंडमध्ये ताटं मोजत नाहीत, कच्चा माल मोजतात. कोणत्या जिनसांवर अनुदान मिळेल याची यादी अर्थखातं ठरवतं आणि त्या जिनसांपासून केलेल्या बिनमांसाच्या पदार्थांवर, मालाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम बारला परत मिळते. त्यामुळे स्वयंपाकघराला मोकळीक राहते. एकाच पाटीवर तीस-चाळीस पदार्थ दिसतात आणि रोज तेच ते खावं लागत नाही. शिवभोजनात नेमकं हेच नाही.

पण यादी म्हटली की कारकून आलाच. २०१५ च्या सुरुवातीला नवे नियम आले तेव्हा मंजूर जिनसांत मीठ होतं, पण बाकीचे मसाले नव्हते. झुरेक या आंबट सुपात चिमूटभर मार्जोरम (एक सुगंधी पाला) किंवा मिरी पडली तर त्या पदार्थाचं अनुदान जायची वेळ आली. मार्जोरमशिवाय झुरेक म्हणजे हिंगाशिवाय वरण. देशभर इतकी ओरड झाली, की त्याच वर्षी यादी वाढवावी लागली. आजही दूधबारचं जेवण नागपुरी जिभेला सपक लागतं, पण त्याचं खापर सरकारवर फोडू नये. पोलिश घरातही तिखट नसतं. आंबटपणा, धुरकटपणा, मिरी, शेपू, तळलेला कांदा यांवर त्यांची चव उभी असते. टेबलावर मीठ-मिरी मिळेल, तिखट मिळणार नाही. सावजी मसाल्याची लहान डबी खिशात ठेवल्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

खरा, अनुदानावरचा दूधबार ओळखायचा कसा? ‘बार म्लेच्नी’ अशी पाटी आता कोणीही लावतं. जुन्या काळची हौस म्हणून सजवलेली, फरशा आणि पडदे मुद्दाम तसे लावलेली रेस्टॉरंटंही त्या नावाने चालतात. खूण दरफलकावर असते. अनुदानित पदार्थाची किंमत मालाच्या हिशोबातून येते, म्हणून ती विचित्र आकड्याची असते, म्हणजे अमुक झ्लोती आणि ३७ ग्रोश, तमुक झ्लोती आणि ८२ ग्रोश अशी. (झ्लोती हे पोलिश चलन, १०० ग्रोश म्हणजे एक झ्लोती.) सगळे दर पूर्णांकात किंवा ९९ वर संपणारे दिसले की समजायचं, इथे बाजारभाव आहे. दुसरी खूण गर्दीची. दुपारी एक वाजता रांगेत पेन्शनीतले आजोबा, अंगावर रंगाचे डाग असलेला कामगार, टाय लावलेला वकील आणि पाठीवर बॅग घेतलेली मुलगी असे चौघं एकामागे एक उभे असतील तर जागा बरोबर आहे. वॉर्सात मार्शाव्कोव्स्का रस्त्यावरचा प्रासोवी, प्रागा भागातला झोम्ब्कोव्स्की, व्रोत्सवाफला विद्यापीठाजवळ कुझ्निचा रस्त्यावरचा मिश, ग्दान्स्कला द्वुगा रस्त्यावरचा नेप्तुन ही नावं विचारली तर कोणीही सांगेल. प्रासोवी २०११ च्या डिसेंबरात बंद झाला तेव्हा शहरातल्या कार्यकर्त्यांनी आत घुसून स्वतः रांधून लोकांना जेवू घातलं होतं, आणि २०१३ मध्ये तो पुन्हा उघडला. खानावळीसाठी कब्जा आंदोलन करणारं शहर बघून हे प्रकरण फक्त स्वस्ताईचं नाही हे लक्षात येतं.

आता आत शिरल्यावर.

टेबल पकडून बसू नका, वेटर येणार नाही. आधी भिंतीवरची पाटी वाचा. अक्षरं खोचून लावायची ती जुनी पाटी असते आणि संपलेल्या पदार्थाचं नाव किंवा दर काढून टाकतात. ज्याच्यापुढे दर नाही ते मागू नका. पदार्थापुढे बरेचदा ग्रॅम, मिलिलिटर किंवा नग लिहिलेले असतात. मग रांगेत जाऊन आधी कासा, म्हणजे गल्ल्यापाशी पोचायचं. सगळं एकदम सांगायचं : सूप, मुख्य पदार्थ, सोबतची कोशिंबीर, पेय. इथे ताट नसतं, सगळं सुटं असतं. बटाटे वेगळे, कोशिंबीर वेगळी, ब्रेडचा तुकडा वेगळा, पॅनकेकवरची मलईसुद्धा वेगळी. म्हणून पाटीवर स्वस्त दिसलेल्या कटलेटचं बिल शेवटी दीडपट होतं आणि नवखा माणूस गल्ल्यावरच्या बाईकडे संशयाने पाहतो. तिने काही चुकवलेलं नसतं. पावती मिळाली की ती घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जायचं, आत द्यायची आणि बाजूला सरून थांबायचं. पदार्थाचं नाव ओरडतात. आपण मागवलेल्या वस्तूचा उच्चार माहीत नसेल तर आपलंच ताट निवत पडतं आणि आपण बघत उभे राहतो.

म्हणून उच्चाराचे तीन-चार नियम सोबत असू द्या. पोलिशमध्ये इंग्रजीतला ‘डब्ल्यू’ हा सरळ ‘व’, ‘जे’ हा ‘य’, एकटा ‘सी’ हा ‘त्स’. एलवर तिरकी काडी असेल तर तो ओठ गोल करून म्हणायचा ‘व’. ‘एस-झेड’ म्हणजे ‘श’, ‘सी-झेड’ म्हणजे ‘च’, आणि ‘सी-एच’ म्हणजे ‘ह’. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त फसवतो. एवढ्यावर पाटीचा बराचसा भाग वाचता येतो. मराठी माणसाला ‘त्स’, ‘श्च’ जड जात नाहीत; वत्सल आणि पश्चिम म्हणणारी जीभ बार्श्च म्हणू शकते.

बोलण्याची रीत : आत आल्यावर ‘जेन दोब्री’ म्हणजे नमस्कार, मागताना ‘पोप्रोशे’ म्हणजे कृपया द्या. गल्ल्यावरच्या बाईला ‘पानी’ असं आदरार्थी संबोधन आहे, आणि अनोळखी माणसाला ‘तू’ म्हणणं तिकडे उद्धटपणाच. बाई हसणार नाही. तिचं ते ‘पुढे बोला’ सीताबर्डीच्या गर्दीतल्या दुकानदाराइतकंच मनावर घ्यायचं. अर्ध्या भरलेल्या टेबलावर बसायचं असेल तर ‘चि तु वोल्ने?’ विचारा, म्हणजे जागा रिकामी आहे का. बसताना आणि उठताना शेजारच्याला ‘स्माच्नेगो’ म्हणतात, म्हणजे सावकाश जेवा. तो आधी म्हणाला तर उत्तर ‘नावझायेम’, तुम्हीही.

पैसे देताना एक नागपुरी सवय मोडावी लागते. तिकडे यूपीआय नाही, त्यांचं ब्लिक आहे. २०१५ साली, म्हणजे यूपीआयच्या वर्षभर आधी, सुरू झालेलं. त्यात बँकेच्या ॲपमधून सहा अंकी आकडा काढायचा आणि तो दुकानातल्या यंत्रात टाकायचा. आकडा दोन मिनिटांत बाद होतो. रांगेत दहा जण पुढे असताना काढून ठेवला तर फुकट जातो. गल्ल्यापाशी पोचल्यावर काढा. पोलिश बँकेत खातं उघडेपर्यंत ब्लिक मिळणार नाही, तोवर कार्ड किंवा रोख. काही जुन्या बारांत रोखच चालते आणि शंभराची नोट दिली की बाईचा चेहरा आणखी उतरतो, म्हणून सुटे बाळगा. सूप, एक मुख्य पदार्थ आणि कोंपोत (फळांचं पेय) यांचे साधारण २५ ते ३५ झ्लोती धरून चाला. एक झ्लोती म्हणजे वीस-पंचवीस रुपये. रुपयात गुणाकार केला तर स्वस्त वाटणार नाही. त्याच रस्त्यावरच्या रेस्टॉरंटशी तुलना केली की वाटेल.

आता मूळ मुद्दा, पळीचा.

पोलिश माणसाचं ‘बिनमांसाचं’ आणि आपलं ‘शाकाहारी’ यांत तीन ठिकाणी फरक पडतो. पहिला मासळीचा. कॅथलिक उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासे चालतात. शुक्रवारी पाटीवर मासळी वाढते ती त्यामुळेच, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच्या ‘बिनमांसाच्या’ जेवणात कार्प मासा मानाने असतो. तेव्हा ‘मी मांस खात नाही’ म्हटल्यावर मासा पुढे आला तर ती थट्टा नाही. दुसरा फरक पाण्याचा. सूपमध्ये तुकडा दिसत नसला तरी ते हाडांच्या पाण्यावर शिजवलेलं असू शकतं. विचारायचं : ‘झुपा येस्त ना म्येंसे?’, म्हणजे सूप मांसावर केलंय का. तिसरा आणि सगळ्यात फसवा फरक चरबीचा. स्क्फार्की म्हणजे डुकराच्या चरबीचे ते कुरकुरीत तुकडे, आणि स्मालेत्स म्हणजे वितळवलेली चरबी. प्येरोगीत बटाटाच असतो, पाटीवर बिनमांसाच्या रांगेत नाव असतं, गल्ल्यावरची बाईही खात्रीने ‘मांस नाही’ सांगते, आणि तरी वरून स्क्फार्की पडतात. तिच्या लेखी ते मांस नव्हेच, ती फोडणी आहे.

उपाय सोपा आहे, फक्त तो गल्ल्यावर सांगून भागत नाही. पावतीवर ‘प्येरोगी’ एवढंच छापून येतं आणि पळी खिडकीच्या आत असते. म्हणून खिडकीपाशी पावती देताना पुन्हा सांगायचं : ‘बेस स्क्फारेक’ म्हणजे चरबीचे तुकडे नकोत, ‘झ मास्वेम’ म्हणजे लोण्यासोबत. कांदा हवा असेल तर तो कशात परतलाय ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी कांदा आणि स्क्फार्की एकाच भांड्यात असतात. शंका आली तर ‘बेस ओक्रासी’, म्हणजे वरून काहीच नको, आणि मलई म्हणजे श्म्येताना वेगळी मागायची. ताट कोरडं दिसेल, पण निर्धोक असेल. अंडं न खाणाऱ्यांना मात्र दूधबार अवघड आहे. प्येरोगीच्या पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, कोपित्का (उकडलेल्या बटाट्याच्या पिठाचे तुकडे), लेनिवे (ताज्या चीजचे तसेच तुकडे) आणि पॅनकेकमध्ये ते असतंच. जैन जेवणाची तर आशाच सोडावी, बटाटा आणि कांद्याशिवाय हे स्वयंपाकघर उभंच राहत नाही.

पदार्थांत सगळ्यात भरवशाचे प्येरोगी रुस्क्ये. करंजीसारख्या आकाराच्या उकडलेल्या पुऱ्या, आत बटाटा, त्फारुक नावाचं ताजं आंबट चीज, परतलेला कांदा आणि मिरी. ‘रुस्क्ये’ म्हणजे रशियन नव्हे. ते आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या रुथेनिया या जुन्या प्रदेशावरून आलं आहे. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर अनेक ठिकाणी पाटीवरचं नाव बदलून ‘युक्रेनी’ केलं गेलं. दोन्ही नावं दिसतील, आतला मसाला तोच. चांगल्या प्येरोगीचं आवरण इतकं पातळ असतं, की सारणाचा रंग बाहेरून कळतो, आणि काठ दाताखाली घट्ट लागत नाही. काठ कच्चा आणि मध्य फाटलेला असेल तर ते गोठवलेले आहेत आणि घाईने उकळलेत. कोबी-अळंब्यांचे प्येरोगी हिवाळ्यात, जांभळ्या रानबेरीचे उन्हाळ्यात घ्यावेत. गोड प्येरोगी मुख्य जेवण म्हणून खातात, त्यावर मलई आणि साखर घालून. स्ट्रॉबेरी घातलेला पास्ता आणि सफरचंद-दालचिनीचा भातही तिकडे जेवणातच मोडतो. आपल्याकडच्यांचं तोंड वाकडं होतं, पण पुरणपोळीने जेवण सुरू करणाऱ्यांनी फार बोलू नये.

सुपांमध्ये झुरेक समजून घेण्यासारखं आहे. राईचं पीठ पाण्यात चार-पाच दिवस आंबवून केलेला हा आंबट पातळ प्रकार आपल्या ज्वारीच्या आंबिलीचाच चुलतभाऊ. दुर्दैवाने त्यात बहुधा पांढरं सॉसेज आणि अंडं असतं, धुरकट चवही मांसाचीच असते. शाकाहाऱ्याने वासावर समाधान मानावं. पोमिदोरोवा म्हणजे टोमॅटोचं सूप भात किंवा शेवया घालून येतं, ओगुर्कोवा खारवून आंबवलेल्या काकडीचं असतं. दोन्ही विचारून घ्या. ग्रोहुफ्का हे वाटाण्याचं सूप, घट्ट वरणासारखं दिसतं आणि नागपूरकर हमखास तिकडे वळतो. त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. उन्हाळ्यात ह्वोदनिक मिळालं तर सोडू नका : कोवळं बीट पाल्यासकट, आंबवलेलं दूध, मुळा, शेपू, थंडगार आणि रंगाने भडक गुलाबी. वर अंड्याची फोड असते, ती ‘बेस याय्का’ म्हणून टाळता येते. मेच्या नागपुरात हे का करत नाहीत, असा प्रश्न पडावा इतकं ते आपल्या उन्हाळ्याला साजेसं आहे.

बाकीचं भरभर. काशा ग्रिचाना म्हणजे भाजलेल्या कुट्टूच्या सबंध दाण्यांचा भात, कण्यांसारखा सुटा, वास उग्र. पहिल्यांदा आवडत नाही, तिसऱ्यांदा आवडतो. प्लात्स्की म्हणजे किसलेल्या कच्च्या बटाट्याची तळलेली धिरडी, गरम असतानाच खावीत, दहा मिनिटांत चामडं होतात. कोपित्का पोट भरतात, लक्षात राहत नाहीत. मिझेर्या ही काकडीची आंबट मलईतली कोशिंबीर. कोंपोत म्हणजे फळं उकळून केलेलं पातळ गोड पाणी. त्याला सरबत समजून घेतलं तर निराशा होते, जेवणातलं पाणी समजून घेतलं तर नाही. किशेल हा फळांचा गोड प्रकार बटाट्याच्या पिठीवर घट्ट होतो, तो चालतो. थरथरणारी गालारेत्का जिलेटिनची असते.

वेळ महत्त्वाची. त्यांचं मुख्य जेवण दुपारी एक ते चारच्या दरम्यान. आपल्या सवयीने रात्री साडेआठला गेलात तर कुलूप दिसेल. बरेच बार संध्याकाळी सहा-सातला आवरतात आणि पाचनंतर पाटीवर अर्धीच नावं उरतात. साडेबारा ही उत्तम वेळ : सगळं ताजं आणि रांग अजून दाराबाहेर गेलेली नाही. रविवारी कित्येक बंद असतात. तिकडे २०१८ पासून बहुतेक रविवारी दुकानंही बंद ठेवण्याचा कायदा आहे. तो खानावळींना लागू नाही, पण शनिवारी किराणा भरला नाही आणि बारही बंद निघाला तर रविवार बिस्किटांवर जातो. नवीन आलेले विद्यार्थी पहिल्या आठवड्यात इथेच फसतात.

सेवा म्हणून बघितलं तर दूधबारला वेगाबद्दल पूर्ण गुण, स्वच्छतेबद्दल चांगले, आपुलकीबद्दल फारच थोडे. अपंग किंवा वृद्ध माणसाला भरलेला ट्रे स्वतः उचलून न्यावा लागतो, ही खरी उणीव आहे, आणि गिऱ्हाइकांत वृद्धच जास्त. व्यवहारात शेजारचा कोणीतरी न सांगता ट्रे धरतो. गरजूंना समाजकल्याण केंद्राकडून जेवणाची कुपनं मिळतात आणि काही बार ती घेतात. कुपनवाला, पगारवाला आणि पर्यटक एकाच रांगेतून एकाच खिडकीशी जातात. स्वतंत्र रांग नाही, वेगळं ताट नाही. शिवभोजन केंद्रावर आपला मध्यमवर्ग जाताना कचरतो, वॉर्साचा वकील कचरत नाही. यात पोलिश समाज फार समतेचा आहे असं समजायचं कारण नाही. तिकडेही दरी वाढलीच आहे. फक्त या खोलीत ती दिसत नाही, कारण जेवण चांगलं आहे आणि गरिबांसाठी म्हणून वेगळं केलेलं नाही.

जाण्याआधी घरी चव बघायची असेल तर रुस्क्ये नागपुरात नीट जमतात, एका अटीवर. त्फारुकऐवजी पनीर वापरू नका, चक्काही नको. पनीर लिंबाने फाडलेलं असतं, त्याला आंबट चव नसते आणि ते मिळून येत नाही. चक्का तापवलेला नसल्याने ओला राहतो, सारण सुटतं आणि प्येरोगी पाण्यात फुटतात. दोन लिटर फुल क्रीम दूध कोमट करून चार चमचे ताजं दही घालून विरजा. हिवाळ्यात रात्रभर लागेल, मे महिन्यात चार-पाच तास पुरे, जास्त ठेवलं तर नको इतकं आंबट होतं. घट्ट लागल्यावर सुरीने चौकोन पाडा आणि ते भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास तापवा. बोट जेमतेम टिकेल इतकंच गरम हवं. ढवळू नका. उकळी आली की रबरासारखे दाणे होतात, मग इलाज नाही. हिरवट पाणी वेगळं झालं की फडक्यात तीन-चार तास टांगा. साधारण ३५० ते ४०० ग्रॅम भुसभुशीत चीज मिळतं.

सारणाला ६०० ग्रॅम बटाटे सालासकट उकडून, गरम असतानाच कुस्करून पूर्ण गार करा. त्यात ३०० ग्रॅम त्फारुक, दोन कांदे लोण्यात परतून, एक चमचा जाडसर मिरी आणि मीठ. हिरवी मिरची-कोथिंबीर घालायचा मोह होईल. घातली तर छानच लागतं, पण मग तो आलुबोंड्याचा मसाला झाला. आवरणासाठी ५०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि २५० ते २७० मिलिलिटर गरम पाणी. पाणी उकळतं नको, पण थंड तर मुळीच नको. गरम पाण्यानेच पीठ लवचिक होतं आणि लाटताना मागे ओढलं जात नाही. सात-आठ मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवा. दोन मिलिमीटर जाड लाटून सात-आठ सेंटिमीटरच्या गोल चकत्या पाडा आणि प्रत्येकीत चमचाभर सारण भरा. ५५ ते ६० होतात. काठाला सारणाचा तेलकट हात लागला तर तो चिकटत नाही आणि पाण्यात उघडतो, म्हणून एका हाताने भरा, दुसऱ्याने दाबा. करंजीचं कातणं वापरू नका, ते काठ कापतं, चिकटवत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली पाच मिनिटांत चकत्यांना पापुद्रा धरतो, म्हणून न भरलेल्या चकत्या आणि भरलेले प्येरोगी दोन्ही ओल्या पिळलेल्या फडक्याखाली ठेवा. मोठ्या पातेल्यात खारट पाणी उकळून एका वेळी दहा-बाराच सोडा. वर तरंगल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं. जास्त सोडले की पाण्याची उकळी मोडते आणि ते तळाला चिकटतात.

पळीसाठी ५० ग्रॅम लोण्यात दोन बारीक चिरलेले कांदे, मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. काळपट झाले की कडू.

तिकडे उरलेलं बांधून न्यायचं असेल तर ‘ना विनोस’ म्हणायचं. डब्याचे थोडे पैसे वेगळे लागतात. बांधून घेताना पळी नकोच सांगावी, लोण्याचीसुद्धा, कारण गार झाल्यावर चरबी डब्याच्या तळाशी गोठते आणि प्येरोगी एकमेकांना चिकटून ढीग होतो. कोरडे नेलेले सुटे राहतात. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी लालसर भाजले की ते बारमधल्यापेक्षा चांगले लागतात.